काका, हात मांडीखाली!

लिफ्टवाल्या काकांचं उभं आयुष्य बटणं दाबण्यात गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं जनरेटर घेतला, तर तो निघाला स्वयंभू! वीज गेली की स्वतःच ओळखतो, काही सेकंद दम धरतो (वीज लगेच परत आली तर उगाच दगदग नको), मग इंजिन सुरू करतो, घराला बाहेरच्या लाइनपासून तोडतो आणि सगळा भार अंगावर घेतो. काकांना कामच उरत नाही.

मागच्या वेळी त्याचा तो दम काकांना सोसला नाही. धावत अंगणात गेले आणि बटण दाबलं. ते नेमकं बंद करायचं! जनरेटर सुरूच झाला नाही, वर संध्याकाळपर्यंत त्याच्या कंपनीला शिव्या घालत बसले. तोवर काकूंच्या उबवणी-पेटीतली बदकाची अंडी गार पडली होती. काकूंनी ती एकेक उचलून परसात पुरली. ते काकांना फार लागलं.

आज भर दुपारी, नव्या अंड्यांना तडे गेलेले, आतून चोची टकटक करतायत, आणि पेटीतला दिवा गेला!

काका ताडकन उठले.

"अहो! खाली बसा. हात मांडीखाली!"

"अगं, पण तो गप्प आहे!"

"तुम्हीही राहा."

"लिफ्ट असती तर एव्हाना लोकांनी दार बडवलं असतं!"

"बडवू देत. बसा म्हणते ना!"

काका हातांवर बसले. पाय नाचायला लागले. मनात म्हणाले, बाबा रे, आज माझी लाज राख.

अंगणात घर्रर्र झालं! मग खट्ट! पेटीत उजेड!

"घेतला! भार घेतला गं!" काका लहान मुलासारखे ओरडले. दोघांनी काचेला नाकं लावली. एक कवच फुटलं, ओलंगच्च पिल्लू धडपडत बाहेर पडलं. पाठोपाठ दुसरं!

थोड्या वेळानं रस्त्यावरची वीज आली, तरी जनरेटर चालूच.

"हा बंद व्हायचा विसरला की काय?"

"बाहेरची वीज टिकतेय का बघत असेल. घर तिकडे सोपवेल, जरा गार होईल, मग थांबेल. तुमच्यापेक्षा शहाणा आहे."

आणि तसंच झालं. काका जागचे हलले नाहीत.

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पुढच्या खेपेला अंडी रोज उलटवायचं काम तुमचं."

काका उडालेच. "आत्ता उलटवू?"

"अहो, ती पिल्लं झालीत आता!"