सुई आधी की ऑपरेशन आधी

परवा आमच्या घरी भर मे महिन्यात डिंकाचे लाडू झाले... आणि त्या लाडवांनी आमच्या घरातला बापलेकांचा पंधरा दिवसांचा अबोला मोडला. मी चौथी पास बाई. फोनमध्ये बोलते, फोन लिहितो. चुकलं तर त्याला बोला, मला नको.

आमचं गाव जानेफळच्या बाजूला. सून माहेरी गेलेली. घरात मी, माझा मुलगा गजानन, आणि सुट्टीवर आलेला नातू समर. समर पंचवीसचा, पुण्याला कंपनीत आहे. जन्मला तेव्हा नर्सनं मुलगी झाली म्हणून सांगितलं आणि आम्ही तेच धरून चाललो. तो मुलगा आहे हे त्यानं मोठं झाल्यावर आम्हाला सांगितलं. मी आधी भांडले, मग ऐकलं. गावाला मात्र अजून वाटतं, गजाननच्या पोरीनं केस कापले.

आता प्रश्न असा होता. संभाजीनगरच्या डॉक्टरीण बाई त्याला म्हणाल्या, हार्मोनची सुई आधी सुरू कर नाहीतर छातीचं ऑपरेशन आधी कर, तुझ्या बाबतीत दोन्ही चालतं. ठरव तू. आता ‘ठरव तू’ म्हटलं की माणूस जास्तच अडकतो...

गजाननचं म्हणणं, सुई आधी. सुई नाही पटली तर बंद करता येते, ऑपरेशन झालं की झालं. मीही त्याचीच री ओढली. म्हटलं दाढी येईल, आवाज जाड होईल, लोकांची तोंडं आपोआप बंद होतील.

समर म्हणाला, "आजी, दाढी आली अन् छाती अशीच राह्यली, तं मी घराबाहेर निघू कसा?"

"काऊन? आता नाही निघत का?"

"आता कसा निघतो ते पाह्यलं का तू कधी?"

नव्हतं पाहिलं. तो छाती दाबायला आतून एक घट्ट बनियन घालतो, बाईंडर म्हणतो त्याला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, कुत्रं सावली सोडत नाही. त्या दिवशी मी त्याला दरडावून कूलरसमोर बसवलं आणि ते काढायला लावलं. काखेखाली, पाठीवर सगळं सोललेलं... जू घासून बैलाचा खांदा होतो ना, तसं. मी खोबरेल तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंक तळायला घेतला. का घेतला, मला विचारू नका.

तुपाचा वास बाहेर गेला आणि शेजारची शोभा आली. उन्हाळ्यात डिंकाचे लाडू आमच्याकडे एकाच कारणासाठी होतात. ती दारातूनच ओरडली, "काकू, कोण बाळंतीण आणली बाप्पा घरात?" आणि तिचे डोळे सरळ समरच्या पोटावर!

समर खाली मान घालून बसला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बाळंतीण कोणी नाही. माह्या नातवाचं ऑपरेशन हाय."

"कोणत्या नातवाचं?"

"हा काय समोर बसला. तुले दिसून नाही राह्यला का?"

शोभानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग परातीतला एक लाडू उचलला, "वेलची कमी हाय," म्हणाली आणि गेली. आता गावात दवंडी द्यायची गरज नाही.

ती गेली तसा समर माझ्यावर उखडला. "आजी, मी काही ठरवलं नाही अजून! अन् तू तं सुई सुई करून राह्यली होती. सुईसाठी कोणी डिंकाचे लाडू करते का?"

मी परातीकडे पाहत बसले. तोंडानं सुई म्हणत होते आणि हात सकाळपासून ऑपरेशनची तयारी करत होते... पकडलं की मला पोरानं!

रागारागात त्यानं लाडू फोडला आणि थांबला. "याच्यात अळीव टाकले तू?"

"टाकतातच."

"आजी, अळीव बाईले दूध उतरावं म्हणून देतात ना? मी छाती काढाले चाललो..."

खाटेवर पडलेला गजानन असा हसला, असा हसला की त्याला ठसका लागला. मग आम्ही तिघंही. पंधरा दिवसांत बापलेक धड बोलले नव्हते.

हसणं ओसरलं तसा समर म्हणाला, "बाबा, मले ऑपरेशनच आधी करायचं हाय. सुईचं अजून मलेच समजलं नाही. घेईन, नाहीतर नाही घेणार. पण छातीचं बारावीपासून माहीत हाय. भेव वाटते... तरी हेच करायचं हाय."

गजानन उठून बसला. म्हणाला, "ते परत येत नाही, पोरा."

"मले परत नकोच हाय, बाबा."

गजानननं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "पेरणीच्या आधी होते का विचार डॉक्टरले. मंग मले दवाखान्यात राहता येईन."

मी म्हटलं, "तू काय राहतो? सलाईन संपली तरी घोरत राहशील. मी राहीन." यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.

खरं सांगते, यातलं निम्मं मला अजून कळत नाही. पण त्या डॉक्टरीण बाईंचे आभार, की ठरवायचं त्यांनी समरवर सोडलं. आमच्यावर सोडलं असतं ना... तर आम्ही लोकांची तोंडं पाहूनच ठरवलं असतं.