शेरीफ येऊन राहिला

“पण त्यांना कळलंच न्हाई, तर त्यात त्यांचा काय दोष?” धम्मानंदनं बायकोचा मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “हे बघ, कंपनीनं मेलमध्ये काय लिहिलंय. ‘पहिल्या भागात शेरीफ गावात येऊन राहिला आहे, मग दुसऱ्या भागात तो घोड्यावरून येतो कसा? कथेत चूक.’”

“चूक त्यांच्या कानात हाय,” लुंबिनी म्हणाली. “‘मी येऊन राहिलो’ म्हणजे येतोय, वाटेत हाय. नांदेडात कुणालाही विचारा.”

“तुझी मालिका सगळ्या महाराष्ट्रात दिसणार हाय.”

“मग नांदेड काय महाराष्ट्राबाहेर हाय?”

सासूबाई, नागुबाई, मेथी निवडत होत्या. “घोड्यावर बसलाय म्हणल्यावर येऊनच राहिला की,” त्या म्हणाल्या. “येऊन बसलेला माणूस घोड्यावर कशाला बसंल?”

मेल तेवढ्यावर संपत नव्हता. मालिका काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीनं तोडगाही काढला होता. शेरीफ, न्यायाधीश, मास्तरीण यांची भाषा शुद्ध करावी. घोडेचोर आणि दारुडा मात्र आहे तसेच बोलू द्यावेत, गंमत येते. संध्याकाळपर्यंत होकार आला नाही, तर दुसरा लेखक बघू.

परदेशी काउबॉय सिनेमांना लुंबिनी नऊ वर्षं मराठी संवाद लिहीत होती, तेही लातूरच्या या स्वयंपाकघरात बसून. आवाज बंद करून ती पडद्यावरच्या माणसाचे ओठ बघायची. ओठ मिटले की तिथं प, ब किंवा म हवा. मग तेच वाक्य स्वतःच्या तोंडानं जुळवून पाहायची. पहिल्यांदा ते पाहून नागुबाईंनी मुरुडला बहिणीला फोन केला होता, “सून भिंतीशी मुक्यानं बोलायलीय.” आता तसलीच दहा भागांची अख्खी मालिका तिला स्वतः रचायला मिळाली होती. लेखक म्हणून एकटीचं नाव.

हे वेड माहेरचं, नांदेडजवळच्या भोकरचं. वडील पंढरी पाटबंधारे खात्यात शिपाई होते. रविवारी ते तिला नांदेडला सकाळच्या खेळाला न्यायचे. सिनेमा इंग्रजी, बापलेकीला एक शब्द कळत नसे. मग पंढरी तिच्या कानाशी लागून सगळ्यांचे संवाद स्वतःच रचायचे. “उतर खाली. हाव, तुलाच म्हणून राहिलो.” तिचा पहिला शेरीफ भोकरचं बोलायचा, आणि सगळं गाव त्याला टरकायचं.

शाळेत मात्र उलटं झालं. स्नेहसंमेलनाच्या नाटकात तीन वर्षं तिला मोलकरीणच मिळाली. तिसऱ्या वर्षी तिनं राणी मागितली. बाई हसून म्हणाल्या, “तुझ्या बोलण्याला हेच शोभतं गं.” तिनं ते काम चोख केलं, टाळ्याही घेतल्या. चौथ्या वर्षी नाव दिलं नाही.

“मी काय म्हणतो,” धम्मानंद आता समजुतीच्या सुरात आला, “मीसुद्धा ऑफिसात ‘नाही’ म्हणतो आणि घरी ‘न्हाई’. कुठं काय बिघडलं? लिहून टाक ‘येत आहे’.”

“लिहीन की. मला पुस्तकातलं येत न्हाई असं थोडंच हाय? पण तुमच्या ऑफिसात साहेबानं ‘नाही’ म्हणायचं आणि चोर सापडला की त्यानंच ‘न्हाई’ म्हणायचं, असा नियम हाय का?”

नागुबाईंनी मेथीची काडी मोडली.

“दहा भाग हायत, लुंबिने. हातचं जाईल बाई.”

“जाईल, आत्याबाई.”

तिनं मोबाइल मागून घेतला. उभ्यानंच चार ओळी लिहिल्या, एकदा वाचल्या, एक शब्द बदलला आणि पाठवून दिल्या. मग दोघांकडे बघून म्हणाली, “कळवलं. एक तर सगळे आपल्यासारखे बोलतील, न्हाईतर सगळे पुस्तकातलं बोलतील, चोरासकट. चोराला एक भाषा आन् शेरीफला एक, असं मी लिहिणार न्हाई.”