मामांची ग्रीक नळी

संकट आलं की माणसं डॉक्टर शोधतात, देव शोधतात. पण आधी त्या संकटाच्या नावाचा ग्रीक अर्थ शोधणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि माझ्या नशिबानं तो माझा सासरा आहे. सासऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. नेकनूरला जन्मभर विज्ञान शिकवलेले हे मामा शेजारणीला दम्याचा झटका आला तेव्हा रिक्षा आणायला धावले, अर्ध्या वाटेतून परत आले, ‘अस्थमा म्हणजे धापा टाकणं’ एवढं सांगितलं आणि पुन्हा धावले. मला ताप भरला तेव्हा ‘थर्मे म्हणजे उष्णता, मेट्रॉन म्हणजे माप’ हे प्रवचन संपेपर्यंत थर्मामीटर माझ्या तोंडातच होता. तेव्हापासून जावई फार नम्र श्रोता आहे असा त्यांचा समज आहे.

गेल्या वर्षी मला शुगर निघाली. तसा मी शूर. सिरसाळ्याच्या बाजारात कुणाशीही भांडतो. पण रिपोर्ट मी घडी घालून खिशात लपवला, कारण वडील याच रोगानं गेले होते. बायकोला सांगायचं धाडस होईना, म्हणून मामांना गाठलं. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मला वाटलं, आता धीर देतील.

‘डायबेटीस म्हणजे आरपार जाणारा. ग्रीक लोक सायफनलाबी, म्हणजे पाणी काढायच्या नळीलाबी, तेच म्हणायचे,’ असं म्हणून त्यांनी मला टँकरच्या पाण्याच्या ड्रमाशी नेलं आणि नळीचं टोक हातात दिलं. ‘तोंडानं ओढा, जावईबापू.’ आमच्याकडे लहान पोरंही हे काम सहज करतात. मी इतक्या जोरात ओढलं की पाणी नाकात गेलं.

मी ठसकत असताना मामांनी बादली सरकवली. पाणी वाया गेलेलं त्यांना चालत नाही. ‘बगा, रोग्याला लई तहान, अन् पिलेलं सारं असंच वाहून जायचं. म्हणून हे नाव. त्यांच्यापाशी औषध नव्हतं. आपल्यापाशी हाय. कावून भेता?’

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. मामांना चहा पाकासारखा गोड लागतो. त्यांनी दोन्ही कप परत पाठवले. ‘दोगांचाबी बिनसाखरेचा करा.’

‘फिक्या चहाला ग्रीकमध्ये काय म्हणतात, मामा?’ मी विचारलं.

‘न्हाई ठाऊक.’

हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. वडिलांची फार आठवण आली. त्याच संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगून टाकलं.

मामांना शुगर नाही. तरी मी गेलो की ते अजून फिकाच चहा पितात, आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करतात.