पिंपाला कुंकू लावलंत, पाणी कुठाय?

माझ्या नवऱ्याच्या गोष्टीची तुम्ही पूजा करून टाकलीत. माझी तक्रार आहे ती ही.

नमस्कार वगैरे नंतर.

आज हे जाऊन वर्ष झालं.

इथे मस्कतला समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर यांची सगळी नोकरी झाली. घरी आले की विज्ञानकथा लिहायचे. मी चौथी पास, पण लिहिलेलं आधी वाचून दाखवायचे मलाच.

"तू घाबरलीस की गोष्ट जमली."

"मला घाबरवायला गोष्ट कशाला? तुमचं थोबाड पुरे आहे."

एका गोष्टीला मात्र खरंच घाबरले.
तांबड्या शेवाळाने समुद्र लाल होतो, त्यात प्लांट बंद पडतो, अख्ख्या मस्कतचे नळ कोरडे.
राक्षस नाही, यान नाही. नुसते कोरडे नळ.

ती यांनी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला वाचली. त्याच दिवशी आपल्या अल हैल भागातल्या बायकांनी घरी जाऊन पिंपं भरली. मग दर संक्रांतीला भरायची पद्धतच पडली.

पुढे कुणी पिंपाला कुंकू लावलं.
कुणी गाणं रचलं.
मग हॉलमध्ये पिंप बरं दिसत नाही म्हणून तांब्याचा कलश आला.

हे म्हणायचे, "माझ्या गोष्टीचं व्रत झालं की गं!"
मी हसले. तिथेच चुकलं.

आज सकाळी किनाऱ्यावर पाणी तांबूस. मेलेल्या माशांचा वास पार गॅलरीपर्यंत. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलंच नाही. दुपारी नळ खरखरला आणि थांबला.

गुडघे धरत मी बिल्डिंगभर फिरले.

पहिल्या मजल्यावरची सुनीता म्हणते, "काकू, पिंपात आम्ही शूज ठेवतो. पण कलश पुजलाय ना!"

"त्या कलशात तुझ्या लेकाचं ढुंगण तरी धुऊन होईल का?"

दुसऱ्या मजल्यावर पिंपात तांदूळ. तिसऱ्यावर पिंपच नाही.

घरी आले, आपलं झाकण उघडलं.
आत आकाशकंदील. मीच ठेवलेले.

कंदील काढून फेकले, पिंप ओढून नळाखाली लावलं, ती अजून तिथून हलले नाही.

तासाभरापूर्वी पाणी आलं. जिन्यात सगळे खूश. "खलास काकू, प्रॉब्लेम सॉल्व्ह!"

नात म्हणाली, "आजी, पाणी आला ना? मग तू अजून स्केअर्ड का?"

कारण यांच्या गोष्टीतही पहिल्या संध्याकाळी पाणी येतं, बाई.
लोक हसतात, जेवतात, झोपतात.
सकाळी नळ उघडतात, आणि मग चार दिवस काही नाही.

गाणं तुम्हाला तोंडपाठ आहे. हे कुणाला आठवतंय?

अहो, तुम्ही निघा आता निर्धास्त. इकडचं मी बघते.

आणि ग्रुपवरच्या बाकीच्यांनी या मेसेजखाली फुलं, जोडलेले हात काही टाकायचं नाही. नळाला पाणी आहे तोवर उठा. पिंप भरलं का, एवढंच लिहा.

आधी सुनीता.
मग मंडळाचे अध्यक्ष. बायकोला विचारून नाही, स्वतः झाकण उघडून बघून.