तेल वाळत नाही

दोन वर्षांपूर्वीच्या तापात मला वास येणं बंद झालं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. तेव्हापासून जेवण म्हणजे मीठ, तिखट आणि ऊन-ऊन काहीतरी. हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आम्ही दोघं डोंगरात फिरायला जातो तेव्हाच्या शिदोरीचं काम तिने काढून घेतलं असतं, आणि घरात माझं म्हणावं असं ते एकच काम होतं.

दुकानातली तयार पाकिटं मला पटत नाहीत. अमरावतीचं वैशाखातलं ऊन फुकट असताना यंत्रात वाळवलेला भात विकत घेणारा माणूस माझ्या मते वेडाच. मी गच्चीवर जुनी साडी अंथरतो. भात मोकळा शिजवून पसरायचा. वरण ताटात पातळ ओतून त्याची पापडी होऊ द्यायची, मग मिक्सरमधून फिरवायची. पिठल्यात तेल घालायचं ते हात आखडून. बाकी सगळं वाळतं, तेल वाळत नाही. ते पाकिटात बसून खवट होतं. म्हणून निघण्याआधी प्रत्येक पाकीट उघडून हुंगायचं, हा माझाच नियम.

गेल्या हिवाळ्यात निघायच्या आदल्या दिवशी मी पाकिटं काढली. एकेक उघडून नाकाला लावलं, मान डोलावली, बंद केलं. बायको दारात उभी होती. नाटक बरं वठलं असं वाटलं. लाज वगैरे वाटली नाही. त्या दिवसांत मला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

बडनेऱ्याहून गाडीने अकोला, पुढे एसटी, मग दिवसभर सातपुड्यात चाल. संध्याकाळी एका गावाबाहेर थांबलो. पिठल्यात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवलं. ती जेवली. पुन्हा वाढून घेतलं. "बरं झालं," म्हणाली.

उरलेलं मी गावातल्या कुत्र्याला टाकलं. ते शेपूट हलवत आलं, हुंगलं, आणि मान फिरवून निघून गेलं.

"खवट होतं काय?" मी विचारलं.

"हो."

"मंग खाल्लं कावून तुनं?"

"तीन दिवस उन्हात बसून वायवलं तुमी." ती ताटली घासत होती. "अन् तुमाले वास येत नाई, हे मले कवाचं ठाऊक हाये. दूध उतू जाऊन जयलं, अन् तुमी बाजूलेच पेपर वाचून राहिले होते."

"मंग बोलली कावून नाई?"

"तुमी सांगान म्हनून वाट पाहून राहिली होती."

मला फार वाईट वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तेही हे.

मी सकाळसाठी ठेवलेलं वरणाचं पाकीट काढलं, उघडलं आणि तिच्या नाकासमोर धरलं.