ओठाला लावलेलं ताक

"ओठाला लाव फक्त. पिऊ नको."

ऑफिसातली मॅडम म्हणाली. माझ्या हातात ताकाचा ग्लास. गार. वर कोथिंबीर तरंगत होती, जिऱ्याचा वास नाकात शिरत होता. मी ग्लास ओठाला लावला. कॅमेरावाल्यानं फोटो काढला.

"अजून एकदा. हसा थोडं. खूप तहान लागलीय असं दाखवा."

दाखवा म्हणे. सकाळपासून भट्टीच्या तोंडाशी उभी होते मी. जीभ टाळूला चिकटली होती.

फोटो झाला. ताकाच्या गाडीवरच्या माणसानं माझ्या हातातून ग्लास काढून घेतला. मी म्हटलं, "आता पिऊ द्या की." त्यानं मॅडमकडे बघितलं. मॅडम मोबाइलमध्ये फोटो बघत होती. मान वर न करता म्हणाली, "हिला दिलं तर सगळ्या मागतील."

मग त्यानं ते ताक नाल्यात ओतलं. माझं तोंड लागलं होतं, दुसऱ्या कुणाला कसं देणार? पांढरी धार जाळीतून खाली गेली. माझ्या वरच्या ओठावर थोडं ताक राहिलं होतं. ते मी चाटलं. माझी मलाच लाज वाटली. आज आठवलं की लाज वाटत नाही, अंगाची आग होते.

चाकणमधली कंपनी. लोखंडी भागांवर रंगाची पावडर मारून ते भट्टीत भाजतात. भाजून आलेले तापलेले भाग साखळीच्या हुकवरून उतरवायचे, हे आम्हा बायकांचं काम. कायम कामगारांना निळा एप्रन, ठेकेदाराच्या माणसांना राखाडी. उन्हाळा लागला की जेवणाआधी ताकाची गाडी यायची. निळ्यांसाठी. आमच्यासाठी नळ. पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी, चहा टाकावा इतकं तापलेलं. घाम काही एप्रन बघून येत नाही, पण ताक एप्रन बघून मिळायचं.

थोड्या दिवसांनी पोस्टर लागलं. भट्टीशेजारच्या भिंतीवर, बरोब्बर माझ्या समोर. हसणारी मी, ओठाला ग्लास. खाली लिहिलेलं, "भरपूर पाणी, ताक, सरबत प्या. उन्हाळ्यात तंदुरुस्त राहा." त्या पोस्टरपुढे मी दिवसभर तहानलेली उभी.

निळे एप्रनवाले जाता-येता म्हणायचे, "काय मॉडेल, चव कशी होती?" ते मी सोसलं. पण आमच्या बायका? काळेवाडीहून आम्ही ठेकेदाराच्या बसनं यायचो. सुनंदा रोज माझ्याशेजारी बसायची, माझ्या डब्यातली चटणी हक्कानं घ्यायची. तिनं विचारलं, "खरं सांग, प्यालीस ना?"

"नाही गं. ओतून दिलं त्यांनी."

"प्यालीस तर प्यालीस बाई. आमच्यापासून लपवतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती मागच्या सीटवर जाऊन बसली. मग माझ्याशेजारी कुणीच बसेना. बस बायकांनी भरलेली, हसणं-खिदळणं चालू, आणि मी खिडकीला डोकं टेकवून. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आईला मात्र तो फोटो फार आवडला होता. फोनमध्ये जपून ठेवलेला. शेजारणींना दाखवायची, "कंपनी ताक पाजते माझ्या लेकीला." मी गप्प बसायचे.

मग लघवीला जळजळ सुरू झाली. चक्कर यायला लागली. आई दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "अंगात पाणी कमी पडतंय. ताक प्या, काकडी खा, कलिंगड खा. लघवी अडवून धरू नका." मला हसू फुटलं. हसता हसता रडायलाच लागले.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, "रोज ताक पितेस ना गं? मग असं कसं?"

तेव्हा सांगितलं. सगळं. ओठ चाटला तेसुद्धा.

मला वाटलं, आई जवळ घेईल. नाही घेतलं. म्हणाली, "आपली माणसं महाडच्या तळ्यावर गेली ती काय नुसती तहान लागली म्हणून? ओंजळ भरली आणि प्यायली. ओठाला लावून परत नाही ओतली." आणि तिनं फोनमधून माझा फोटो काढून टाकला.

पुढच्या आठवड्यात पाहुणे आले. आमचा माल ज्यांना जातो त्या मोठ्या कंपनीचे साहेब. ते पोस्टरपुढे थांबले. पोस्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अरे, ह्या त्याच ना? छान. रोज मिळतं ना ताक?"

मॅडम हसत होती. सुपरवायझर डोळे वटारून उभा होता. महिनाअखेरीला माझा करार संपणार होता, पुढचा मिळणं त्याच्याच हातात होतं.

"नाही," मी म्हणाले. "ते ताक मी प्यायलेच नाही. फोटो काढला आणि नाल्यात ओतलं. आम्हा राखाडीवाल्यांना मिळत नाही."

मी हातमोजे काढले. निळ्यांसाठी आलेल्या ताकाच्या गाडीपाशी गेले, स्वतः तोटी फिरवली, ग्लास भरला आणि तिथंच उभं राहून प्यायले. सगळा. गार ताक छातीतून खाली उतरताना कळत होतं. मग मी सुनंदाला म्हटलं, "ये." तिनं मान खाली घातली आणि हुकवरचा पुढचा भाग उतरवला. एकही बाई आली नाही.

"बघून घ्या जरा," असं मॅडमला म्हणून साहेब पुढे गेले. संध्याकाळी गेटवर ठेकेदारानं माझा पास काढून घेतला. पोस्टर मात्र काढलेलं नाही म्हणतात. मी अजून तिथं हसतेच आहे.

आता दुसरी कंपनी. चाकणमध्येच. इथं कायमवाल्यांचा एप्रन हिरवा, आमचा राखाडीच. उन्हाळा लागला आणि आज इथंही गाडी आली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं. घरून आणलेला स्टीलचा पेला उघड हातात धरून मी रांगेत उभी राहिले. पुढचा हिरवा एप्रन वळून म्हणाला, "ओ ताई, तुम्ही ठेकेदाराच्या ना?"

"हो, ठेकेदाराची. आणि तहान लागलीय."

मागं बघितलं. माझ्यामागं कुणी नव्हतं. नसू दे. पास घेतील, घेऊ दे. पेला भरल्याशिवाय मी या रांगेतून हलणार नाही. आणि ओठाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवीन.