सुधाकरची वही

कॅप्टन असताना माझी बदली डोंगराळ भागातल्या एका मिलिटरी हॉस्पिटलच्या ट्रेनिंग विंगमध्ये झाली. सोमवारी सकाळी ०७३० वाजता मी रिपोर्ट केलं आणि ०८०० च्या पिरियडला वर्गात उभी राहिले. समोर अठ्ठावीस जवान होते, सगळे नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर पोचेपर्यंत जखमी माणसाला जिवंत ठेवणं हे त्यांचं काम. त्यांना ते शिकवणं हे माझं.

हे आता लिहायचं कारण माझ्या भाचीचा, इराचा प्रश्न. इरा, रविवारी व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस की प्रोफेसर सगळ्या स्लाइड्स पाठवतात, ॲप बोललेला शब्द न शब्द टाइप करून देतं, मग हाताने नोट्स काढून उपयोग काय? तुझा भाऊ कबीर मागून म्हणाला, "तिला विचारू नकोस, ती मार्जिन आखायला लावेल." मी हसले. याचं उत्तर मला माहीत आहे, पण ते फोनवर देता येण्यासारखं नाही.

माझी शाळा बडोद्यातली, इंग्रजी माध्यमाची, नन्सची. व्यवस्थितपणा मी तिथे शिकले आणि तोच वर्गात आणला. प्रत्येकाकडे दोन वह्या, एक रफ आणि एक फेअर. फेअर वहीत मथळा लाल शाईत, उपमथळा हिरव्या, मजकूर निळ्या. दोन बोटं मार्जिन. ब्राऊन पेपरचं कव्हर, पहिल्या पानावर अनुक्रमणिका. दर बुधवारी १५०० वाजता वह्यांचं इन्स्पेक्शन. कोर्सच्या शंभर गुणांपैकी वीस गुण वहीचे. ही पद्धत मी सुरू केली आणि तिचा मला अभिमान होता.

त्या बॅचमध्ये सर्वात सुंदर वही नायक प्रकाशची होती. त्याचं आडनाव लिहीत नाही, त्याला मुलं आहेत. अक्षर छापल्यासारखं. रक्ताभिसरणाची आकृती अशी की मी ती वही मेजर साहेबांना नेऊन दाखवली. वीसपैकी वीस. कोर्स संपल्यावर ती मॉडेल वही म्हणून काचेच्या कपाटात ठेवायचं मी ठरवलं. वर्गात मी डिक्टेशन देत असताना प्रकाश मान खाली घालून लिहीत असे. असा विद्यार्थी मिळाला की शिक्षक सुखावतो. मीही सुखावले होते.

शिपाई सुधाकर तावडे त्याच्या मागच्या बाकावर बसायचा. तो आपल्या बडोद्याजवळच्या बाजव्याचा, वडील रेल्वेत फिटर. मी बडोद्याची म्हणून त्याला कोण आनंद. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, सुट्टीवर जाताना काही पाठवायचं असेल तर सांगा. लहरीपुऱ्याच्या बाजारातून काही आणायचं असेल तर तेही."

मी म्हटलं, "तू आधी फेअर वही आण."

ती त्याने आणली नाही. त्याच्याकडे एकच वही होती. तिच्यात मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच ओळीत नांदत. बाण, चौकोन, काडीची माणसं. तो लिहायचा कमी आणि हात वर करायचा जास्त. "मॅडम, असं का?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. प्रकाश एकदा मागे वळून म्हणाला, "तावडे, तुझी वही कोंबडीनं लिहिलीय का रे?" वर्ग हसला. सुधाकर म्हणाला, "हो, पण कोंबडी लेक्चरला हजर होती." मी दोघांनाही गप्प केलं. मलाही हसू आलं होतं, ते दाखवलं नाही.

नवव्या आठवड्यात टूर्निके शिकवलं. हातापायातून रक्ताची धार लागली तर जखमेच्या वर पट्टा करकचून आवळतात, तेच टूर्निके. पूर्वी शिकवत असत की पट्टा दर अर्ध्या तासाने थोडा सैल करा, म्हणजे अवयव मरणार नाही. मी नवीन नियम शिकवला. बाहेर, डॉक्टर नसताना, आवळलेला पट्टा सैल करायचा नाही. आवळल्याची वेळ लिहा आणि हात लावू नका. सैल सर्जन करील.

सुधाकरचा हात वर. "मॅडम, असं का?"

"दर वेळी सैल केलास की आत राहिलेलं रक्त बाहेर जातं. पाय वाचवता वाचवता माणूस जाईल."

त्या बुधवारी मी अठ्ठावीस वह्या दीड तासात तपासल्या. प्रकाशच्या पानावर मथळा पाहिला, मार्जिन पाहिलं, आकृती पाहिली. खाली सही केली. मजकूर वाचला नाही. त्याच्या वहीत चूक असेल असं मनात आलं नाही. सुधाकरच्या त्याच पानावर लाल शाईत इंग्रजीत दोन शब्दांचा शेरा लिहिला आणि वीसपैकी चार गुण दिले.

डिसेंबरात कोर्स संपला. दोघांचं पोस्टिंग एकाच फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये, म्हणजे आघाडीजवळच्या वैद्यकीय तुकडीत झालं. वह्या घेऊन ते निघाले. कपाटासाठी प्रकाशची वही मी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, थोडे दिवस माझ्याजवळ राहू दे. उपयोग होईल."

पुढचं मला हवालदार साळुंखे यांच्या साक्षीतून कळलं. ते गाडी चालवत होते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची गाडी एका पोस्टवर औषधं पोचवून परतत होती. गाडीत साळुंखे, प्रकाश आणि सुधाकर. १४२० वाजता बर्फावर चाक घसरलं आणि गाडी नाल्यात गेली. साळुंख्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. प्रकाशला खरचटलं. सुधाकरचा उजवा पाय गुडघ्याच्या वर चिरडला. प्रकाशने त्याला बाहेर ओढलं आणि १४३० ला टूर्निके आवळलं. ते काम त्याने चोख केलं. रक्त थांबलं.

साळुंख्यांनी रेडिओ लावला.

"कंट्रोल, ॲम्ब्युलन्स टू. गाड़ी नाले में. एक सीरियस. ओव्हर."

"रॉजर. रिकव्हरी निकल रही है. दो घंटे. ओव्हर."

दोन तास थांबायचं होतं, इतकंच. सुधाकर शुद्धीवर होता. त्याने स्वतःच्या कपाळावर १४३० लिहून घेतलं. साळुंख्यांना म्हणाला, "हवालदार साहेब, एवढ्या उतारावर गाडी आडवी घातलीत, आता लायसन्स माझ्याकडे द्या."

१५०० वाजता प्रकाशने पट्ट्याला हात घातला.

"काय करतोस?"

"सैल करतोय. अर्धा तास झाला."

"हात लावू नको. मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमनी काय सांगितलं ते माझ्या वहीत आहे. दर अर्ध्या तासाने सैल करणे. पाठ आहे मला. खाली मॅडमची सही आहे."

"अरे, मी ऐकत होतो."

"तुला चार मार्क आहेत, तावडे. गप पड. मी नायक आहे."

"माझ्या वहीत बघ."

"तुझी वही तुला तरी वाचता येते का?"

प्रकाशने पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. १५३० ला पुन्हा. तोपर्यंत सुधाकर बोलायचा थांबला होता. १६०० ला तिसऱ्यांदा. सुधाकर १६१५ वाजता गेला. रिकव्हरी पार्टी १६४० ला पोचली.

सहा आठवड्यांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला साक्षीला बोलावलं. टेबलावर ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेली वही होती. प्रिसायडिंग ऑफिसर कर्नल होते. त्यांनी पान उघडून माझ्याकडे सरकवलं.

"ही सही तुमची?"

"येस सर."

"हा नियम तुम्ही शिकवलात?"

"नो सर."

"पण सही केलीत."

"येस सर."

मग प्रकाशला विचारलं. तो सावधान उभा होता. म्हणाला, "सर, मॅडमनी वर्गात हेच सांगितलं होतं. मी शब्द न शब्द लिहून घेतला."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या मुलाचं अक्षर मी मेजर साहेबांना दाखवलं होतं. त्याच्या एसीआरसाठी, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालासाठी, दोन चांगल्या ओळी मी स्वतःहून लिहून दिल्या होत्या. तो खोटं बोलतो आहे हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. माझ्या बाजूने काहीच नव्हतं. सही माझी होती. बाकीच्या मुलांच्या वह्या? त्या मागवल्या होत्या, पाचच आल्या, आणि पाचही वह्यांत तीच ओळ होती, तशीच, त्याच शब्दांत. प्रत्येकाखाली माझी सही.

शेवटी हवालदार साळुंखे उभे राहिले. हात अजून गळ्यात होता. म्हणाले, "सर, तावडे म्हणाला होता, माझ्या वहीत बघ. कुणी बघितली नाही."

सुधाकरचं सामान घरी पाठवायला सील करून ठेवलं होतं. किटबॅग आणली. वही पंधरा मिनिटांत सापडली. कर्नल साहेबांना ती वाचता येईना. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "तुम्ही वाचा."

काडीचा माणूस, पायावर रेघ, शेजारी घड्याळ. बाजूला: "आवळला की हात नाय लावायचा. टाइम कपाळावर. जुने लोक अर्ध्या तासाने सैल सांगतात, ते बंद. का? दर वेळी रक्त जातं, बादली गळते तसं. मॅडम बोलल्या, पाय वाचवता वाचवता माणूस जाईल." त्याखाली माझी लाल शाई.

मी सगळं वाचलं. शेराही वाचला. रेकॉर्डवर घ्यायचं होतं.

दुपारी व्हरांड्यात प्रकाश भेटला. मी एवढंच विचारलं, "कुठून आली ती ओळ?"

"जुन्या बॅचच्या कॉपीतून, मॅडम. सगळे तिथूनच उतरवायचे. तुमच्या पिरियडला मी मागच्या आठवड्याचे मथळे रंगवायचो."

"माझं एकदाही ऐकलं नाहीस?"

"वहीला मार्क होते, मॅडम. ऐकण्याला नव्हते."

त्याच्यावर कारवाई झाली. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्य होती. प्रकाशवरचा माझा राग पुष्कळ वर्षं टिकला आणि अजूनही पूर्ण गेलेला नाही. त्याने मला फसवलं, आणि उघडं पडायची वेळ आली तेव्हा मला पुढे केलं. पण फसवता येईल अशी जागा मी आखून दिली होती, दोन बोटं मार्जिन सोडून.

पुढच्या बॅचपासून मी फेअर वही बंद केली. वीस मिनिटं वह्या मिटून ऐकायचं. मग मी गप्प बसायची आणि त्यांनी, काय कळलं ते, आपल्या भाषेत लिहायचं. शेजाऱ्याने ते वाचून चूक काढायची. कशीही अक्षरं, कुठलीही भाषा. वही तपासताना प्रत्येक ओळ मी वाचत असे. अठ्ठावीस वह्यांना दोन संध्याकाळी लागायच्या.

तेव्हा इरा, नोट्स काढ. ॲपने टाइप केलेलं जवळ असू दे, पण ते प्रकाशची वही समज. सगळं असतं त्यात, आणि डोक्यातून काहीच गेलेलं नसतं. तुझ्या हाताने, तुझ्या शब्दांत चार ओळी लिही आणि त्यात एक तरी "असं का" असू दे. कबीर, मार्जिन आखू नकोस.

निवृत्त होऊन बडोद्यात तरसालीला राहायला आले, त्याच महिन्यात मी बाजव्याला गेले. गल्लीच्या तोंडाशी एका बाईंना तावड्यांचं घर विचारलं. "सामे ज छे, बेन," त्या म्हणाल्या आणि समोरच्या हिरव्या दरवाज्याकडे बोट केलं. सुधाकरच्या वडिलांनी दार उघडलं. मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "या, या बेन. तुमच्याबद्दल तो पत्रात लिहायचा. बडोद्याच्या मॅडम."

चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून ती वही काढली. साडीच्या तुकड्यात बांधलेली होती. पान त्यांनी न शोधता उघडलं.

"हे लाल अक्षरांतलं तुमचंच ना? आमचं शिक्षण मराठी सातवीपर्यंत, त्यात तुमचं इंग्रजी जोडून लिहिलेलं, लागत नाही. त्याची आई सगळ्यांना सांगायची, साहेबांनी शाबासकी लिहिलीय म्हणून. दोन वर्षांपूर्वी ती गेली. खरं काय लिहिलंय?"

मी चौदा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं. इतका वेळ कुठल्याच उत्तराला लागला नव्हता. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिने शाबासकीच वाचून दाखवली असती, आणि मी तिला दोष दिला नसता.

"गलिच्छ लिहिलंय," मी म्हटलं. "पुन्हा लिहून काढ. असा शेरा आहे तो. माझी चूक होती."

तावडेकाकांनी वही स्वतःकडे वळवली. चष्मा पुसून पुन्हा लावला.

"मग लिहिली का त्याने पुन्हा?"

"नाही."

"बरं केलं," ते म्हणाले. "दुसऱ्याची बघून लिहिली असती, तर हे राहिलं नसतं."

त्यांनी वही पुन्हा बांधली आणि मला रिक्षापर्यंत सोडायला आले. "आवजो," म्हणाले. मी दर वर्षी जाते. वही आता त्यांच्या मुलीकडे आहे.

शिपाई सुधाकर तावडे, नर्सिंग असिस्टंट. राहणार बाजवा, बडोदे. वय सव्वीस. वहीचे गुण, वीसपैकी चार.